एकेचाळिसावा

डोळ्यांत थेंब पडण्याआधी तिने बघून घेतलं होतं: खुर्च्या सहा, पेशंट दोन, म्हणजे ती आणि एक आजी, शिवाय आजींच्या शेजारी त्यांचा मुलगा. आता दोघींचेही डोळे मिटलेले होते. मायलेकांचं बोलणं तेवढं ऐकू येत होतं.

"तांब्याचा पुढच्या महिन्याचा सौदा घेतलाय, आई. अडीच हजार किलो, सातशे नव्वद रुपये किलोने. भाव एका रुपयाने चढला की आपले अडीच हजार. चाळीसने चढला तर सरळ एक लाख!"

"आणि त्यासाठी भरलेस किती?"

"नुसती अनामत. एक लाख."

"माझ्या ऑपरेशनचे?"

"दुप्पट होऊन येतील गं."

"आणि भाव उतरला तर?"

"तर ते लाख जातील. त्याच्यापलीकडे काय जाणार?"

"एकाने उतरला की अडीच हजार, असंच ना?"

"हो."

"म्हणजे चाळीसने उतरला की तुझे लाख संपले. मग एकेचाळिसावा कुणाच्या खिशातून?"



"एवढा उतरत नाही गं कधी."

"आज बघितलास?"

"कालपासून फोन बंद ठेवलाय. ब्रोकर सारखा फोन करून डोकं खातो."

"चालू कर. मला दिसत नाहीये, तूच भाव वाच."

फोन सुरू झाल्याची धून वाजली. काउंटरवरून हाक आली, "आजी, पैसे भरून घ्या, म्हणजे तारीख देते."

"सातशे पंचेचाळीस," मुलगा म्हणाला.

"म्हणजे किती गेले?"

"एक लाख साडेबारा हजार."