सावंतकाकांचा जुना कॉम्प्युटर

लिनक्सने मेलेले कॉम्प्युटर जिवंत होतात, हे मला नका सांगू. करी रोडला सावंतकाकांकडे मी तेच करून बसलोय. चाळीचा टॉवर झाला तेव्हा काकांनी सगळं जुनं सामान टाकलं, पण तो डबडा कॉम्प्युटर तेवढा वर नेला. चालू व्हायलाच त्याला युगं लागायची. मी जुनी सिस्टीम उडवून हलकं लिनक्स टाकलं. बटण दाबलं आणि स्क्रीन हजर! मी कॉलर ताठ केली, तर काका उघड्या दाराकडेच बघत होते.

"काय झालं काका, आवडलं नाही?"

"छान आहे रे. पण चाळीत बटण दाबलं की मी चहा टाकायचो. गणपतीला गावी जायची तिकिटं काढायला कोण ना कोण यायचं. हा चालू होईपर्यंत गप्पा रंगायच्या. इथेही बटण दाबून दार उघडं ठेवतो. येत कोणी नाही, पण वाट बघायला निमित्त होतं. जरा हळू करता येईल काय?"

"नाही हो काका."

"मग मेल्या, निदान तू तरी घाई करू नको. बस, चहा टाकतो."