पानाचा गुलाबी ठसा

"अण्णा, बांधाकडच्या ओळी सोडा, असं फोनवर बजावून सांगितलं होतं मी!"

"गव्हावर तांबेरा चढला होता. औषध मारलं नसतं तर पीक गेलं असतं."

"मग बाकीच्या शेतावर मारायचं! त्या चार ओळींनी काय घोडं मारलं होतं तुमचं?"

बस येत नव्हती म्हणून माझं डोकं आधीच फिरलेलं, त्यात शेजारच्या बाकावर हे बापलेक. 'हळू भांडा' म्हणणारच होतो, तेवढ्यात लेकीने मांडीवरच्या डब्यातून काचेच्या दोन चपट्या बश्या काढल्या.

"ही मागच्या वर्षीची. झाकणाला आतून पान चिकटवलं होतं, तर खाली बशीतल्या जेलीवर त्याचा गुलाबी ठसा उमटला. आणि ही आत्ताची."

"कोरीच आहे की."

"तांबेऱ्याबरोबर ठसा उमटवणारी ती गुलाबी बुरशीपण गेली. बिचारी पानावर नुसती राहायची, कुणाचं काही न बिघडवता."

"औषधाला काय कळतंय, चोर कोण अन् पाहुणा कोण?"

"आता पानं गोळा करायला लॅबवाले दुसऱ्याच्या शेतात पाठवतील मला."

"म्हणजे तू घरी येणार नाहीस?"

"कामाच्या नावाखाली तरी यायला मिळायचं, अण्णा."

"तू आलीस की घरात दोन ताटं लागायची... ती गुलाबी परत येते का गं?"

"येते. वाऱ्याबरोबर, नव्या पानांवर, हळूहळू."

"मग आली का नाही, ते मला कसं कळणार? मला तर सगळं हिरवंच दिसतं."

"चष्मा लावा."

"सापडत नाही. तूच येऊन शोधून दे."

ती काय म्हणते ते ऐकायचं होतं, पण माझी बस एकदाची आली अन् सुटायलाही लागलीय. निघतो.