पेटीतले पांढरे किडे

नाही नाही, डबीचं झाकण तुम्हीच उघडा दादा — म्हणजे मी उघडलं असतं, पण — हां, मातीच आहे, मूठभर, ओली, आणि तिच्यात ते पांढरे ठिपके, मिठाच्या कणाएवढे, दिसले ना? एवढंच सांगा, हे चांगले की वाईट. माझ्या एका मैत्रिणीकडे काचेची पेटी आहे, आत माती, शेवाळ, रोपं आणि एक पाल — भिंतीवरची नाही हो, तुमच्या दुकानात मिळते ती, पाळायची. साहेब म्हणतात तिला. मैत्रिणीला नाही, पालीला.

भिंग कशाला? बरं. नाही, धरता येतं मला, कॉलेजात तीन वर्षं झूलॉजीच केलंय — तेच तर. घरात झुरळ निघालं तरी मलाच हाक, जसं काही माझ्या ओळखीतलं आहे. म्हणून मग मैत्रिणीनंही — बरं, मैत्रीण नाही. मामा. माझा मामा, पलीकडच्या गल्लीत घड्याळं दुरुस्त करतो. हो, तोच. गेल्या आठवड्यात चार गिऱ्हाइकांसमोर तुम्हाला बोलून गेला तो. किडकी माती विकता म्हणाला ना? घरी येऊन सगळं सांगितलं त्यानं, मोठ्या ऐटीत — आणि मी समोर बसून चहा पीत होते. पीतच राहिले.

तुम्ही त्याला सांगितलं होतंत, मला माहीत आहे — मातीत साफसफाईवाले किडे असतात, पालीची घाण खातात, राहू द्या. पण त्याच्या मनात आलं, हे तेच, की साहेबांचं रक्त पिणारे गोचीड? डोळ्यावरचं घड्याळाचं भिंग काढून त्यानं माझ्या हातात दिलं — त्या भिंगाला तो मामीलाही हात लावू देत नाही — म्हणाला, तू शिकलेली आहेस, तू सांग. मी वाकले. आणि म्हटलं, गोचीड. झालं. दोन वर्षं जपलेली माती पोत्यात गेली, पेटी उकळत्या पाण्यानं धुतली, शेवाळ बोटभरही ठेवलं नाही. साहेब आता वर्तमानपत्रावर बसतात. आठ दिवसांत एक घास खाल्लेला नाही. ही मूठ त्या पोत्यातलीच.

ब्रश? त्या किड्याला लावू? नुसतं टोक —

उडाला. हो, बघितलं. दचकले नाही, हात असाच हलला. गोचीड उडत नाही, बरोबर, तो सरपटतो, माहीत आहे. दादा, मला तेव्हाही माहीत होतं. तिथेही उडालाच होता — भिंगाखाली एवढा मोठा दिसला आणि एकदम नाहीसा, मी किंचाळून मागे सरले, भिंग खाली पडलं, मामी हसली, म्हणे घरातली शास्त्रज्ञ किड्याला घाबरली. मग साधा किडा आहे असं कोणत्या तोंडानं सांगू? घाबरण्यासारखं काहीतरी असायला हवं होतं ना. एवढ्यासाठी. भिंगाला चरा गेलाय. मामानं ते शर्टाला पुसून परत डोळ्याला लावलं — वर म्हणाला, बरं झालं, तू होतीस.

याच किड्यांची एक डबी द्या मला, नवी माती पण द्या, मी गुपचूप भरते, त्याला कळणारसुद्धा — का? नाही का देत? मामाला फोन नको. दादा, तुम्ही नका लावू — वाजतोय? द्या इकडे.

मामा, मी. घरी नाही, दुकानात. त्याच. ऐक ना, ते गोचीड नव्हते. नाही, चूक नाही झाली. मला माहीत होतं.

मामा?

घ्या दादा, तुमचा फोन. नाही, ठेवला नाहीये त्यानं. घड्याळं ऐकू येताहेत.