गुंडू गावड्याची दुनळी

मंडळी, जरा पुढं सरकून बसा. एक विचारतो, उत्तर मनातच द्या. एखाद्या वस्तूची वर्षानुवर्षं पूजा केली, फुलं वाहिली, आणि तिच्या पोटात काय आहे ते एकदाही पाहिलं नाही – तर ती भक्ती झाली का? तबलजी मान हलवतायत. त्यांनी ही गोष्ट आधी ऐकलीय, त्यांनी गप्प बसावं.

तर ऐका. घाटमाथ्यावरच्या गुंडू गावड्याच्या धाकट्या लेकीचं, शेवंताचं, लग्न झालं त्या सालची गोष्ट. मांडवात अख्खा गाव जेवला. सख्खा चुलता रवळू तेवढा नव्हता. राहायला कुठं? त्याच गल्लीच्या टोकाला! पण बोलावलंच नव्हतं.

का? कैक वर्षांमागं गुंडू-रवळूच्या बापाला, आबांना, नाचणीच्या राखणीत रानडुकरानं फाडलं होतं. शेतातल्या माळ्यावर दोन नळ्यांची बंदूक घेऊन रवळू बसलेला. "दोन्ही चाप ओढले रे, बार उडालाच नाही," म्हणून तो रडत होता. धावत आलेल्या गुंडूनं लोकांसमोर बंदूक हिसकावली.

"घाबरलास तू. ओढलेच नाहीस."

"उघडून बघ."

"मला बघायचं नाही."

बंदूक गुंडूच्या खुंटीवर गेली. आबा गेले. भावांचं बोलणं गेलं. दर दसऱ्याला मात्र बंदुकीला झेंडूची माळ, हळद-कुंकू, आणि वरून खोबरेल तेल, अगदी निथळेपर्यंत. बापाचं हत्यार ना!

यंदाची माळ सुकायच्या आत निवडणूक लागली. हवालदार सांगून गेला, या खेपेला बंदूक चौकीवर जमा करा, रिकामी करून. गुंडूनं नळ्या उघडायचा खटका दाबला. हलेना. गुडघ्यावर घेऊन जोर लावला. ढिम्म.

बायको तानुबाई म्हणाली, "जीव घ्याल कुणाचा तरी. थोरल्या भावजींना बोलवा. आबांच्या मागं तिची खोड त्यांनाच ठाऊक."

"तो माझ्या उंबऱ्यावर यायचा नाही."

"तुम्ही गेला होता त्यांच्या उंबऱ्यावर?"

बायांनो, हसू नका. तुमच्या घरचंच सांगतोय.

गेला बिचारा. रवळू अंगणात दावं वळत होता.

"दादा, बंदूक उघडंना."

रवळूनं मान वर केली नाही. "तोंड कुणीकडं करून ठेवलीयस?"

"भिंतीकडं."

"भरलेली आहे ती. तेव्हाच सांगत होतो." आणि उठला, मंडळी. दावं तिथंच टाकून उठला.

गुंडूच्या परसात मातीच्या बांधाकडं नळ्या करून त्यानं सांध्याचा वास घेतला. "खोबरेल? आणि हे कुंकू? गुंड्या, देव केलास की रे हिचा. सांध्यात नुसता डिंक झालाय."

कोंबडीच्या पिसानं त्यानं सांध्यात घासलेट सोडलं. मुरेपर्यंत दोघं चहा प्यायले. मग आबांसारखाच अंगठा खटक्यावर ठेवून त्यानं नळ्या हलकेच खाली दाबल्या. कट्.

आत दोन काडतुसं. रवळूनं ती गुंडूच्या तळहातावर ठेवली. दोन्हींच्या पितळी बुडाला मधोमध खोल ठोका होता. चाप ओढल्याशिवाय तो पडत नाही.

"सादळली होती," रवळू म्हणाला. एवढंच.

"दादा," गुंडू म्हणाला.

रवळूनं चिंधी घालून नळ्या पुसल्या, आभाळाकडं धरल्या. "ये. बघ." लहानपणी बंदूक साफ केली की आबा दोघांना असंच दाखवायचे, एका नळीला एकाचा डोळा. दोन पांढरी डोकी एकमेकांना टेकली. आत दोन वाटोळी आभाळं, तेव्हाच्याइतकीच निळी.

आता तुमच्याकडं येतो. घरात लाल फडक्यात पोथी आहे ना? कुंकू वाहता. गाठ कधी सोडली? आणि कुणीतरी एकदा तुम्हाला म्हणालं असेल, उघडून बघ. तुम्ही बघितलं नाहीत. उद्या सकाळी त्याच्या अंगणात जा.

रवळू गावडे त्याच साली मार्गशीर्षात वारला. पहिला खांदा गुंडूचा होता.