दादाचा एकच पंखा

डोळे तपासून घ्यायला बाबा डॉक्टरांकडे आत गेले, तसा हेलिकॉप्टर दुरुस्त करणारा थोरला बाहेरच्या अख्ख्या बाकाला ऐकू जाईल असा धाकट्यावर उखडला.

“बाबा जो भेटेल त्याला तुझं ड्रोनच दाखवतात!”

“चार पंखे आहेत, दादा. तुझ्याला मोठा एकच.”

“शहाण्या, तुझे पंखे टीचभर, क्षणात वेग बदलून तोल सांभाळतात. मोठा पंखा इतक्या झटकन ऐकत नाही. चार लावले तर वजन वाढेल, दुरुस्तीही चौपट.”

“आणि इंजिन बंद पडलं तर?”

“खाली येताना वाऱ्यानंच मोठा पंखा फिरतो, अलगद उतरवता येतं. तुझं दगडासारखं आपटेल.”

“हे बाबांना सांग की!”

“त्यांनी विचारलंय कधी?”

“रोज विचारतात मला, ‘दादाचं हेलिकॉप्टर कसं उडतं रे?’”

“बघ! तेसुद्धा तुलाच विचारतात!”