ग्राउंडस्वेलला पोर्तुगीजमध्ये काय म्हणतात?

अगं, काय फजिती झाली माझी! मलिहाबादच्या आंबेवाल्यांची सभा, पुढे ब्राझीलचे पाहुणे आणि दुभाषी मी. आमचे डायरेक्टर साहेब म्हणाले, नव्या आंब्यासाठी इथे 'ग्राउंडस्वेल' आहे. म्हणजे लोकांतून आपसूक वाढत जाणारा पाठिंबा. त्याला पोर्तुगीज शब्दच आठवेना! माइक हातात, आणि साहेब डोळे वटारून बघतायत.

तेवढ्यात मागून एक बागवाला म्हणाला, "इर्शाद!" मुशायऱ्यात शायर अडखळला की पुढे बोला म्हणून म्हणतात ना, तसं. मग दुसरा, "इर्शाद, मैडम!" बघता बघता अख्खा हॉल ओरडायला लागला.

पाहुणे दचकलेच. "हे काय चाललंय?"

मी पोर्तुगीजमध्ये म्हटलं, "साहेब म्हणाले ना, तेच."