निळ्या पाटीची पेटी

(दुपार. फोनवर बाप-लेक : बोहिन्यच्या खोऱ्यात सिरिल, ल्युब्ल्याना शहरात येरनेया.)

येरनेया : वारल्या? अहो बाबा, कोण वारल्या? लुडविकाआत्या?

सिरिल : तिला काय धाड भरलीय! शेजारी पत्ते कुटतेय. मधमाश्या वारल्या. निळ्या पाटीच्या पेटीतल्या. शेवटची पेटी.

येरनेया : देवा! धस्स झालं मला. मधमाश्या मेल्या, असं सांगा ना सरळ.

सिरिल : कुत्रं मरतं, गाय मरते. मधमाशी माणसासारखी वारते, असंच म्हणतात आपल्याकडे. शहरात जाऊन बोलायचंही विसरलीस?

येरनेया : बरं, वारल्या. पण खायला भरपूर ठेवलं होतंत ना?

सिरिल : मध तसाच आहे. त्यांच्यापासून वीतभर.

येरनेया : मग?

सिरिल : जानेवारीत ऊन पडलं, अगदी एप्रिलसारखं. बर्फाचा पत्ता नाही. राणीला वाटलं, सरला हिवाळा. घातली अंडी. आणि मग थंडी आली, मेली कडाक्याची! थंडीत बिलगून बसतात त्या, अंग थरथरवून ऊब धरतात. सरकत सरकत मधाकडे जातात. पण पिलं उघडी टाकून सरकणार कशा? बसल्या तशाच. उपाशी.

येरनेया : पेटीच्या तोंडावरची ती चित्राची पाटी आईनं रंगवलेली ना?

सिरिल : हो. शिकाऱ्याची दाढी करणारा कोल्हा. शिकाऱ्याचं नाक बिघडलं म्हणून दोन दिवस माझ्यावर चिडली होती. माझा काय संबंध?

येरनेया : तुमच्याकडे बघून काढलं असेल! बाबा, आता तरी इकडे या. 'माश्या आहेत, कसा येऊ' हेच चालायचं ना तुमचं? खोली तयार आहे. उबदार आहे.

सिरिल : मी नाही हलत इथून.

येरनेया : तुम्हीही त्या माश्यांतलेच! एकटे करणार काय तिथं?

सिरिल : तेच कळत नाही. रोज संध्याकाळी पेटीवर टकटक करायचो. आतून सगळ्या मिळून 'हूं' करायच्या. तुझी आई गेल्यापासून घरात तेवढीच ओ मिळायची मला. काल टकटक केली, काहीच नाही. परत केली. फार एकटं वाटलं गं.

येरनेया : शनिवारी येते मी.

सिरिल : ये. घाटात बर्फ आहे, गाडी सावकाश चालव. आणि आज संध्याकाळी फोन कर.

येरनेया : करते. काही बोलायचंय?

सिरिल : बोलायचं काही नाही. मी फोनवर टकटक करीन. तू नुसतं 'हूं' म्हण.